दोराचं पाणी

चैत्र वद्य एकादशी

आबा,

इतकी वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याचं मला वाईट वाटतं. पुण्याला कॉलेजात होतो तेव्हा नेमाने कार्ड टाकायचो आणि तुम्ही ते शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचात. तुम्ही गेल्यावर लिहायचं कारण उरलं नाही. मी रोजनिशी लिहितो. तीत तुमचा उल्लेख येतो, पण 'वडील' असा, तिऱ्हाईत माणसाबद्दल लिहावा तसा. आज तसं लिहून भागणार नाही. आपल्या वावेच्या पायऱ्या मी बंद करून घेतो आहे. शहाद्याहून मिस्त्री आला आहे, पायऱ्यांच्या तोंडावर भिंत उभी राहिली आहे, उद्या तिचा शेवटचा थर लागेल. पायऱ्या तुम्ही बांधवून घेतलेल्या. त्या बंद कराव्यात म्हणून चावडीवर मीच बोललो, आणि बोलताना तुमचा विषय निघाला. तो कसा निघाला आणि मी काय उत्तर दिलं, हे मी स्वतः तुम्हाला सांगावं असं सकाळपासून वाटतं आहे. तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही हे मला समजतं. तरी लिहितो.

घरात आपण जी बोली बोलायचो ती कागदावर उतरवायची मला सवय नाही. शाळेने आणि कचेरीने जी भाषा दिली तीत लिहितो आहे. तुमचं बोलणं मात्र होतं तसंच ठेवतो. या भाषेत घातलं की ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटायला लागतं.

धुळ्याहून आलेल्या कागदात तिला 'पायऱ्यांची विहीर' असं म्हटलं आहे. आपल्या तोंडी ती नुसती वाव. गावाच्या वरच्या अंगाला, पिंपळाजवळ, तीन बाजूंनी चिरेबंदी आणि चौथ्या बाजूने थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. मोठ्या दुष्काळात पाणी तळाला गेलं, दोर पुरेनात, वाकून वाकून पाणी काढताना बाया आत पडल्या, तेव्हा तुम्ही घरोघर फिरून गाव उभं केलंत आणि पायऱ्या बांधवून घेतल्यात, असं माय सांगते. म्हणजे त्या हौसेने बांधलेल्या नव्हत्या. जीव वाचवायला बांधल्या होत्या. हे मी चावडीवर सांगायला हवं होतं, आणि ते राहून गेलं. मला आठवतं तेव्हापासून वाव पुरी झालेली आहे आणि तुम्ही तिच्या अगदी खालच्या पायरीवर बसलेले आहात. धोतर मांड्यांपर्यंत खोचलेलं, दोन्ही पाय पाण्यात, हातात खुरपं. दगडावरचं शेवाळ खरवडता आहात. खुरपं बोथट झालं की बसल्या पायरीच्या कडेवरच त्याला धार लावता. त्या कडेला खाच पडली आहे. वरून कोणी बाई कळशी घेऊन उतरायला लागली की न बघताच ओरडता, "हळू वं माय, पाय संभाळ!" आणि ती म्हणते, "तुम्ही घासी घासी पायऱ्या आरसा करी टाक्यात, पाय कसा ठरी?"

ज्येष्ठ लागायच्या सुमाराला, ऐन पेरणीच्या तोंडावर, गावात घरटी एक माणूस नारूने बसलेला असायचा. हे तुम्हाला सांगायला नको. तरी मला ते क्रमाने मांडायचं आहे, कारण चावडीवर मी ते असंच मांडलं. पायाला फोड येतो, आग होते. फोड फुटला की आतून सुतासारखा पांढरा किडा डोकावतो. तो ओढून काढायचा नसतो. काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा बाहेर घ्यायचा. मध्येच तुटला तर पाय सुजतो, पिकतो, कधी कायमचा आखडतो. तुमचा डावा गुडघा तसाच आखडला होता. नारू झालेला माणूस औत धरू शकत नाही, मोट हाकू शकत नाही, पण बसू शकतो. यातून तुम्ही युक्ती काढलीत. अशा माणसांना तुम्ही वावेवर नेऊन बसवलंत, हातात खुरपी दिलीत. थंड पाण्यात पायाची आग शमायची. शिवाय पाण्यात पाय ठेवला की नारू लवकर बाहेर येतो, हे सगळ्यांनी आपापल्या पायावर पाहिलं होतं. ते खोटं नव्हतं, आजही नाही. दुखणाऱ्याला आराम, बसून राहिलेल्याला काम, आणि वावेच्या दगडावर शेवाळाचा ठिपका नाही. पुढे त्याला 'वावनी सेवा' असं नावच पडलं. कोणाच्या पायाला फोड दिसला की घरचे म्हणायचे, "बसी काय ऱ्हायना, जा, वावनी सेवा कर." लोकल बोर्डाचा ओव्हरसियर एकदा म्हणाला होता की इतकी स्वच्छ वाव त्याने तालुक्यात पाहिली नाही. ते तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात.

स्वयंपाकघरातला एक दिवस आठवतो. माय चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही उंबऱ्याला टेकून पाय लांब केला आहे आणि काडीला नारू गुंडाळता आहात, तोंडाने हूं की चूं नाही. शेजारचे काका लंगडत येतात. त्यांच्याही पायाला फडकं आहे. तुमच्या काडीकडे बघून विचारतात, "काय भो, आज किती सूत कातं?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुन्हा फेटा व्हई इतलं." माय हसते, आणि हसता हसता पदराने डोळे पुसते. धुरामुळे की कशामुळे, ते मला तेव्हा कळलं नाही. मग तुम्ही दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून वावेकडे निघता. खालच्या पायरीवर तुम्ही डावीकडे, ते उजवीकडे, पाय पाण्यात. तिथून तुमच्या गप्पा वर पिंपळापर्यंत ऐकू यायच्या. गावाला तुम्हा दोघांचं ते बसणं देवळातल्या मूर्तींसारखं ओळखीचं झालं होतं. बाया तुमच्या मधल्या जागेत वाकून कळशी बुडवायच्या.

मी पुण्याला निघालो तेव्हा तुम्ही मला झाकणाचा तांब्याचा गडू दिलात. त्यात वावेचं पाणी भरलेलं, झाकणाला ओलं फडकं बांधलेलं. म्हणालात, "परगावनं पानी एकदम बाधस. पयले हाई पे, मंग हळूहळू तठलं पे." ते पाणी मी घोट घोट करून पुरवलं. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या घोट्याला फोड आला. कॉलेजच्या डॉक्टरांनी नारू पाहिला तेव्हा त्यांना विलक्षण आनंद झाला. पुण्यात असं काही सहसा बघायला मिळत नव्हतं. त्यांनी दोन विद्यार्थ्यांना बोलावून माझा पाय दाखवला आणि मग मला विचारलं, "गावाला पाणी कुठलं पिता? विहिरीत लोक उतरतात का?" मी हो म्हणालो. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. किडा पोटात जातो तो पाण्यातून, वर्षभराने पायातून बाहेर येतो, आणि तो पाय पुन्हा पाण्यात बुडाला की आपली पिल्लं त्या पाण्यात सोडतो. हा नारू गडूतल्या पाण्याचा की त्याआधी घरी प्यायलेल्या पाण्याचा, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, सांगता यायचं नाही. तो गडू अजून माझ्याकडे आहे.

त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मी हे तुम्हाला सांगितलं. जागा चुकली असावी. तुम्ही खालच्या पायरीवर होतात, मी वरून उभ्याने बोललो, आणि पायात पुण्याचे बूट होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "पयले जोडा काढ." मी काढले. "वाव गावनी माय शे. मायना दूधले कोनी नाव ठेवस का? पुस्तकमा लिखेल शे म्हनीसन तू माले शिकाडस?" त्यानंतर त्या सुट्टीत तुम्ही माझ्याशी नीट बोलला नाहीत. निघताना या खेपेला गडू रिकामाच मिळाला. मी तो मागितला नव्हता आणि तुम्ही भरलाही नव्हता. हिवाळ्यात तापाने तुम्ही गेलात. आपलं ते बोलणं अर्ध्यावर राहिलं. कोणी हरलं नाही, कोणाचं पटलं नाही. पुढे माझी नोकरी धुळ्याला झाली, वाव काकांच्या देखरेखीखाली राहिली, आणि सेवा चालूच राहिली. सुट्टीत येऊन मी माझ्यापुरतं पाणी गाळून प्यायचो. लोक त्याला साहेबी खूळ म्हणत.

आता शेतीसाठी परत येऊन राहिलो आहे आणि गावाने मला पंचायतीत सरपंच केलं आहे. शिकलेला आहे, कागद वाचेल, एवढाच त्यामागचा हिशेब. गेल्या माघात आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर आला. त्याने वावेचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि उन्हाकडे धरलं. आत धुळीच्या कणाएवढे जीव उड्या मारत होते. नारूची पिल्लं गिळून हेच जीव आपल्या पोटात जातात, असं तो म्हणाला. काकांनी डोळे बारीक करून बघितलं. आता त्यांना नीट दिसत नाही, तुमच्या वयाचे गावात तेवढेच उरले आहेत. म्हणाले, "एवढासा? आनी हाऊ मन्हा पाय मोडी? काय सांगी ऱ्हायनात साहेब!" सगळे हसले, इन्स्पेक्टरही हसला. मग त्याने एक प्रश्न विचारला. गावकुसाबाहेरच्या वस्तीत नारूचे रोगी किती? कोणालाच सांगता येईना, म्हणून आम्ही तिकडे गेलो. त्या लोकांना आपण वावेवर कधी येऊ दिलं नाही. त्यांची विहीर वेगळी, अरुंद, पायऱ्या नसलेली, दोराने पाणी काढायची. तिथे नारूचा माणूस जवळजवळ नव्हता. एक म्हातारा होता, तो आपल्याच शेतावर राबताना वावेचं पाणी प्यायलेला. इन्स्पेक्टर वहीत टिपून घेऊ लागला. मी लहानपणापासून त्या वस्तीवरून जात होतो, आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

बोर्डाचा हुकूम आला. पायऱ्या बंद करा, कठडा बांधा, रहाट बसवा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतानाच हे काम होतं. शिवाय परदेशात चाललेल्या लढाईमुळे माणसं आणि सामान दोन्ही मिळेनासं झालेलं, मिस्त्री हातचा गेला तर पुन्हा केव्हा मिळेल सांगता येत नव्हतं. म्हणून पंचांगात अक्षय्य तृतीया म्हणतात त्या आखाजीच्या आत काम उरकायचं ठरवून मी सभा बोलावली. तिथेच ते अडलं. आखाजीला पितरांची घागर भरतात ते पाणी आपल्या गावात दोराने काढत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. वावेत उतरायचं, दोन्ही हातांनी घागर बुडवायची, आणि ज्याच्या नावाची ती असेल त्याला मनात हाक मारायची. रीत तुमच्या आधीची की पायऱ्या झाल्यानंतर तुम्ही घातलेली, हे मला नक्की ठाऊक नाही. लोकांना ती जुनीच वाटते.

चावडी भरली होती. काका खांबाला टेकून बसले होते आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते हो म्हणाले तर गाव हो म्हणणार, हे मला दिसत होतं.

"तुन्हा बापनी गाव एक करीसन बांधेल पायऱ्या शेतस त्या," ते म्हणाले. "तू बुजाले निंघना. कालिजमा हाईच शिकाडतस का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "दोरनं पानी पितरेस्ले चालत नही, दादा."

"चालत नही म्हंजे? याना बाप तर घागरले हात बी लावाव नही," काका म्हणाले, आणि हशा पिकला. मलाही हसू आलं, कारण ते खरं होतं.

मग मी उभा राहिलो आणि आपल्या बोलीत सगळं सांगितलं. फोड, किडा, पाण्यातले जीव. गावकुसाबाहेरच्या विहिरीचंही सांगितलं. मी 'सेवा' हा शब्द टाळत होतो, आणि टाळतो आहे हे माझं मलाच ऐकू येत होतं. नुसतं 'नारूवाला पाय पाण्यात गेला की' असं म्हणत होतो. काका ऐकत होते. त्यांनी तंबाखूची चंची काढली, पुन्हा खोचली.

"थांब," ते म्हणाले. "नारूवाला पाय वावमा कोन्हा व्हता? सेवा करनारास्ना. सेवा कोनी लावी? म्हंजे तुन्हा बापनी आम्हले नारू दिन्हा, असंच ना? मंग सरळ सांग ना. असं आडवंतिडवं काय बोली ऱ्हायना?"

मी "हो" म्हणालो. एवढंच. त्यांना ठाऊक नव्हतं, हे लगेच जोडायला हवं होतं. ते मी थोडं थांबून जोडलं, आणि तोवर पहिला शब्द सगळ्यांपर्यंत पोचला होता.

कोणी रागावेल अशी मी तयारी ठेवली होती. काका रागावले नाहीत. ते म्हणाले, "तो काय एकला बसे का रे? त्याना बाजूमा मन्हा पाय व्हता." आणि हे बोलता बोलताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांचा थोरला मुलगा तुम्हाला आठवत असेल. ऐन जवानीत नारू तुटून त्याचा पाय वाळला, तो अजून काठीवर चालतो. तोही चावडीवर होता, दाराशी बसलेला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघत विचारलं, "मन्हा आंडोरना पाय, तो मन्हाघाई गया का?"

मी म्हणालो, कोणाच्या पायामुळे कोणाचा गेला, हे कोणालाच सांगता येणार नाही. सगळ्यांचे पाय एकाच पाण्यात होते. हे खरं आहे, आणि त्यांना ते पुरलं नाही हेही मला दिसलं. मुलगा दाराशी काठी उभी आडवी करत बसला होता. शेवटी तोच म्हणाला, "बा, उठ आते. घर चाल." काका उठले. दारापाशी गेल्यावर मागे न वळता म्हणाले, "बुजी टाक." आणि उंबरा ओलांडून, "पन मी मन्ही घागर दोरघाई भराव नही."

सभेने ठराव केला. वाटसरू आणि सातपुड्यातून कापणीला उतरणारी माणसं यांच्याजवळ दोर नसतो, म्हणून पंचायतीचा एक दोर आणि एक बादली वावेवर कायम ठेवावी, हेही ठरलं. तो दोर कोणी धरावा आणि कोणी धरू नये, यावर कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही. ठरावात 'सर्वांसाठी' असा शब्द घातला. त्याचा अर्थ एक दिवस मला गावाला सांगावा लागेल, आणि तेव्हा सभा इतकी शांत राहणार नाही.

घरी आलो तेव्हा मायला सगळं आधीच कळलं होतं. ती आता फारशी उठत नाही, पण कोणती बातमी तिच्यापर्यंत पोचत नाही असं नाही. तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, "हो म्हना का तू?" मी म्हटलं, म्हणालो. ती म्हणाली, "नको म्हनाले व्हतं, असं नही म्हनत मी. पन तो राग भरी." तुमच्याबद्दल बोलताना ती अजून असंच बोलते, तुम्ही शेतावर गेला आहात आणि संध्याकाळी परत येणार आहात असं. मी विचारलं, तुला काय वाटतं, त्यांना पटवता आलं असतं का? तिने पुष्कळ विचार केला. "तू जोडा काढीसन, त्याना बाजूमा बसीसन सांगता, त तो ऐकता," ती म्हणाली. "मानता नही. पन ऐकता."

मिस्त्री चांगला माणूस आहे. शहाद्यात त्याच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकामाची घराणी आहेत. तो काम करताना सतत बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात आपली बोली आणि हिंदुस्तानी यांची खिचडी असते. लोखंड मिळत नाही म्हणून रहाट बाभळीचा करायचा हे त्याने आल्याबरोबर सांगितलं, आणि नवे घडीव दगडही मिळत नसल्यामुळे पायऱ्यांचेच दगड काढून कठड्याला लावायला घेतले. मी ते बघत उभा होतो. तो म्हणाला, "दिल छोटा नका करू दादा. दगडले काय, आडवा ठेवा का उभा ठेवा, पानीना बाजूमाच शे ना?" खालच्या पायऱ्या काढताना खाचेचा दगड वर आला. त्याने खाचेवरून बोट फिरवलं. "आठे कोन्ही तरी बरीच वरीस धार लावेल शे," तो म्हणाला, पण धार लावणारा कोण ते त्याने विचारलं नाही. तो दगड कठड्याच्या वर नको, खाचेत दोर कातरेल, असं त्याचं म्हणणं पडलं. मग तो कुठे लावायचा यावर आम्ही दोघांनी विचार केला. शेवटी त्याने तो कठड्याच्या बाहेर, रहाटासमोर जमिनीत बसवला. पाणी ओढणारा माणूस आता त्या दगडावर उभा राहील, कोरड्या पायांनी. खाच वर ठेव, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, पाय अडकेल. मी म्हणालो, अडकत नाही, उथळ आहे. त्याने खाच वर ठेवली.

काका सभेनंतर वावेकडे फिरकले नव्हते. मी त्यांच्या घरी जावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. जाऊन काय सांगणार होतो? बोललो ते परत घेता येत नव्हतं, आणि घेण्यासारखं नव्हतंही. त्यांना ते माहीत नसतं तर पायऱ्या बुजल्या नसत्या. माहीत झालं म्हणून त्यांचं म्हातारपण आता मुलाच्या काठीचा आवाज ऐकत जाईल. या दोहोंचं वजन कसं करायचं ते मला येत नाही. रोजनिशीत मी ते मांडून पाहिलं, आणि दोन्ही बाजूंना खरंच लिहिलं गेलं.

आज दुपारी त्यांचा मुलगा काठी टेकत आला. खांद्यावर अंबाडीच्या नव्या दोराचं वेटोळं होतं. त्याने ते ओसरीवर टाकलं. "बानी वळेल शे," तो म्हणाला. "वावसाठी. सभा व्हयनी तवयपासून वळीच ऱ्हायना व्हता. कोन्हासंगे बोले ना चाले." मी दोर हातात घेऊन पाहिला. पीळ सारखा आहे, कुठे सैल नाही. ज्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही त्याने बोटांनी वळलेला. मी विचारलं, घागरीचं काय म्हणतात? तो हसला. "म्हनस, पयली घागर तुमना बापना नावनी काढानी. त्यानी ती लिन्ही, त मी बी दोरघाई भरसू. नही लिन्ही, त तुमले गावमा ऱ्हावू देवाव नही."

हे मी मायला सांगितलं. ती म्हणाली, बरं म्हणाला तो. मग तिने जुन्या धोतराचं पान काढायला सांगितलं, तुमचंच, पेटीत तळाला ठेवलेलं. त्याची दुहेरी घडी करून ती घागरीच्या तोंडाला बांधणार आहे. मी म्हटलं, पितरांना कुठे नारू होतो? ती घडी घालता घालता म्हणाली, "त्याले व्हयेल व्हता."

तेव्हा या आखाजीला तुमचं पाणी दोराने काढलेलं आणि कापडातून गाळलेलं असेल. चव बदलली तर ते कशामुळे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि घागरीजवळ ठेवलं तर माय विचारील काय लिहिलं आहे, म्हणून ते रोजनिशीच्या पानांतच राहील. एक गोष्ट वर लिहायची टाळली, ती लिहितो. चावडीवर मी 'हो' म्हणालो त्या क्षणी मला तुमची आठवण नव्हती, काकांचा मुलगा दाराशी बसला आहे हेही भान नव्हतं. सभा आपल्या बाजूला वळली, एवढंच जाणवलं, आणि बरं वाटलं.

उद्या सकाळी: नवा दोर भिजत घालणे.